वकिलाची उलार मोटार

वलगावच्या रस्त्यानं अमरावतीच्या बाहेर निंघालं का डाव्या हातावर सहदेव माळ्याचं वावर लागे. रस्त्याच्या कडेनं बोराटीच्या काट्यायचं कुंपन, म्हंजे कुपाटी, तिच्या मांगं मेथी, सांभार म्हंजे कोथिंबीर, वांगे, कोपऱ्यात शेवंतीचे दोन वाफे, अन् विहिरीजवय पपईचे चार झाडं. मानूस उंचपुरा. मिशीचं एक टोक वर अन् एक खाली. त्याची बायको पार्बताबाई म्हने, "यायले मिशीतबी भार बरोबर नाही भरता आला."

पन बैलाच्या बंडीत भार भराचा तं सहदेवनंच. दुसऱ्यायच्या बंड्यातून वांगे इतवारा बाजारात उतरत ते अर्धे भरीत होऊनच. सहदेवच्या बंडीतल्या वांग्याले समजेच नाही का आपन वावर सोडलं. त्याचं कारन असं, का बंडी भरतानी मांगं जास्त बोजा झाला तं ती उलार होते. उलार म्हंजे मांगं बसते, समोरून जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास लागते. मंग बंडी बैलाच्या मांगं नाही जात, तिले वाटन तिकडं जाते. सहदेव जुवाखाली दोन बोटं घाले, उलसंक उचलून पाहे, अन् हुकूम सोडे, "दोन कोहळे समोर घ्या." कोहळे समोर घेतले का बंडी शहान्या सुनेवानी चाले.

हे तो शिकला शंकरपटात. तरना होता तवा बैल-छकड्याच्या शर्यतीत तिवस्यापर्यंत जाये अन् फेटा जिंकून आने. त्या फेट्यायची गोठ तो इतक्या खेपा सांगे का पार्बताबाईले वाटे, फेटे आपनच जिंकले.

अन् एक सवय होती त्याले. कुठीबी काही कुरकुरलं का याचा जीव खालीवर होये. वंगनाची नळी कमरेलेच लटकेल राहे. बंडीच्या आसाले वंगन, मोटेच्या चाकाले वंगन, दाराच्या बिजागरीले वंगन, खाटेच्या पायाले वंगन. एकडाव पावना आला तं खाटेवरून घसरून पडला. पार्बताबाई म्हने, "माह्या गुडघ्यायले बी लावा ना थोडं. तेबी वाजून राह्यले."

तवा वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं. अमरावतीत मोटारी मोजाले दोन हाताचे बोटं पुरत. कापसाच्या धंद्यातला एक गोरा साहेब विलायतेले वापस चालला होता. जाता जाता त्यानं आपली मोटार अंबापेठेतल्या कमलाकांत वकिलाच्या गळ्यात बांधली. हिरवी, बुटकी, लांब तोंडाची. मानसं बसाची जागा दोघायची, अन् वर कापडाची टप. साहेबानं सांगतलं का ही शर्यतीची मोटार हाय. वकिलाले शर्यत कोनासंग लावाची होती ते देवाले ठाऊक. कोडत त्यायच्या घरापासून पाऊन कोस.

मोटार पळे भल्ली. फक्त सरळ पळे नाही, एवढीच गोम. हातातलं चाक डावीकडं फिरवलं का ती आधी विचार करे, अन् मंग एकदम जास्तच डावीकडं जाये. वेग वाढला का समोरचे चाकं हिव भरल्यावानी लटलट कापत. वकील रोज सकायी कोडताच्या आधी वलगावच्या रस्त्यानं हवा खाले जाये, अन् मधातच एखाद्या दिवशी सहदेवच्या वावराजवय, पुलाच्या वळनावर, मोटारीची मांगची बाजू गर्रकन फिरे अन् तोंड कुपाटीत.

पयल्या खेपेले मोटार मेथीत येऊन थांबली. पार्बताबाई खुरपं हातात घेऊन उभी राह्यली अन् म्हने, "वकीलसाहेब, मेथी न्याची होती तं फाटकातून याचं ना. फाटक हाय आमच्याइथं."

दुसऱ्या खेपेले तिनं लांबूनच आवाज ओळखला अन् पळत जाऊन फाटक उघडून ठेवलं. मोटार तरीबी कुपाटीतूनच आली.

तिसऱ्या खेपेले कोनी हासलं नाही. सहदेवची बंडी भरून रस्त्यावर चढत होती. बादशा अन् लाख्या हे त्याचे दोन बैल जुतेल. वळनावरून मोटार आली, फिरली, अन् तिचं मांगचं चाक बादशाच्या पायाजवयून एका वितीवरून गेलं. बादशानं अशी उडी घेतली का जुवाचा दोर तुटला, बंडी कलंडली, अन् बैल वावरं तुडवत नाल्यात जाऊन उभा राह्यला. अंगावर खरोच नाही. पन डोयातलं भेव काही जाये ना.

त्या दिवसापासून बादशा रस्त्यावर पाय ठेवे नाही. कुठी लांब मोटारीचा फटफट आवाज आला का कान टवकारे, मांगं सरके, अन् बंडीले घेऊन वापस वावरात. एकट्या लाख्यानं काय होते? पार्बताबाई अन् पोरगा गोवर्धन डोक्यावर टोपले घेऊन बाजारात जात. पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या राहत, अन् सांभार सुकून मान टाके.

गोवर्धन कामाचा पोरगा होता, पन बोलनं सरळ. एका सांजी जेवता जेवता म्हने, "बाबा, बादशाले येत्या बैलबाजारात काढून टाकू."

"बुजनारा बैल कोन घेते?"

"घेनारे घेतात."

घेनारे म्हंजे कोन हे सहदेवले सांगाचं काम नव्हतं. बिदकेल बैल कोनी नांगराले नाही घेत. बादशा वासरू होता तवा त्याची माय मेली होती. सहदेवनं त्याले कापडाच्या बोयानं दूध पाजेल. हातातली भाकर ताटात ठेवून तो म्हने, "बाजार कधी हाय?"

"आठ दिवसानं."

"मंग आठ दिवस दे मले."

"आठ दिवसात काय बैलाले साळेत घालता?"

"बैलाले नाही," सहदेव म्हने, "मोटारीले."

दुसऱ्या दिवशी अंबापेठेत वकिलाच्या दारात तो उभा. ओट्यावर वकिलाची माय अनसूयाबाई वाती वळत बसेल होती. बाई लय कडक, पन पोराची मोटार आल्यापासून तिच्या बोलन्याले भल्ली धार चढली होती.

"ये रे सहदेवा. पुन्हा तुझ्या वावरात पेरणी करून आला का आमचा कमलाकांत?"

"नाही माय. सायबासंग बोलाचं हाय."

वकील बाहेर आला. पांढरा कोट, नाकावर चष्मा, कपायावर पपईएवढं टेंगूळ. सहदेव म्हने, "वकीलसाहेब, मी तुमच्या मोटारीले सरळ चालाले शिकवतो. तिनं नीट चालाले घेतलं का तुमी रोज सकायी ती माह्या बंडीसंग चालवाची. बैलाच्या चालीनं. माह्या बैलाचं भेव निंघेपर्यंत."

वकील हासला. "सहदेवा, तू माळी. तुला मोटारीतलं काय कळतं? तिला यंत्र आहे यंत्र!"

"यंत्र तं पळवाचं काम करते, ते बरोबरच करून राह्यलं. मी तुमच्या चाकायची गोठ करून राह्यलो. चाकं माह्याजवयबी हायेत. दोन कमी, पन सरळ जाते."

अनसूयाबाईनं वात खाली ठेवली. "कमलाकांता, तो बरोबर बोलतोय. ज्याची दोन चाकं सरळ चालतात त्याला विचार, तुझी चार का चालत नाहीत."

आता मायपुढं वकिलाची वकिली कुठी चालते? कबूल झाला.

पयल्या दिवशी सहदेव मोटारीच्या भोवताल पाच फेऱ्या मारे, खाली वाके, पुढून दाबे, मांगून दाबे. दाबली का चाराई चाकाजवयून कुइं कुइं आवाज निंघे. तिथं कैचीवानी दोन दोन लोखंडी पट्ट्या होत्या अन् त्यायच्या जोडात लाकडाच्या गोल चकत्या. सहदेवच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला जसं हरपेल ढोर सापडलं.

"अरे बाप्पा! गोऱ्यायनं इतकी चांगली मोटार केली अन् वंगन टाकाले भुलले?"

कमरेची नळी सोडली. एरंडीचं तेल, काजळी, चिंध्याचा बोया. चाराई जोडायले दाबून वंगन भरलं, बोटानं पुसलं, पुन्हा भरलं. मोटार दाबून पाह्यली तं आवाज बंद. वकिलानं पन दाबून पाह्यली अन् म्हने, "वा! साहेबाला दोन वर्षांत हे सुचलं नाही."

"त्याले बंडी होती काय?" सहदेव म्हने.

दोघंई बसले मोटारीत. सहदेवनं एका हातानं पागोटं धरलं अन् दुसऱ्या हातानं मोटार. शहरातल्या कॅम्प भागातून बाहेर पडेपर्यंत बरं होतं. वलगावच्या रस्त्याचा पयला खड्डा आला अन् मोटार उडाली. खाली आली तं थांबेच ना, पुन्हा उडाली. वाजत नव्हती, पन नाचत होती. खड्डा मांगं राहे अन् मोटार शंभर पावलं उड्याच मारत जाये, खुट्यावरून सुटलेल्या बकरीवानी. वकील ओरडे, "हे काय होतंय?" सहदेव ओरडे, "तुमी हाका, मी पागोटं पायतो!" अन् पुलाचं वळन आलं.

पार्बताबाई वांगे तोडत होती. कुपाटी फाटल्याचा आवाज आयकून तिनं मानबी वर नाही केली. धूळ बसल्यावर पाह्यलं तं मोटारीत वकील, अन् त्याच्या शेजारी तिचा नवरा, अर्धं पागोटं बोराटीत.

"माय व माय," ती म्हने, "आता तं मालकबी संगच घेऊन आले!"

सहदेवनं दोन दिवस वंगनाची नळी खुटीले लटकवून ठेवली. वंगनानं आजपर्यंत कधी त्याले असं फसवलं नव्हतं. अन् आठातले तीन दिवस खपले.

वकिलानं अकोल्याले तार केली. तिथं जिनिंगच्या जवय ओमप्रकाश मिस्तरीचं मोटारीचं दुकान होतं. मानूस बारकुला, खाकी चड्डी, कानावर बिडी, बोलनं अर्धं हिंदी अन् अर्धं आपलं. सकायच्या गाडीनं उतरला अन् सहदेवच्या वावरात उभ्या असलेल्या मोटारीखाली घुसला. खालूनच त्याचं हासनं आयकू आलं.

"ये घी कोनी लावलं? दिवाली है क्या?"

सहदेव कुपाटी बांधत उभा होता. म्हने, "मी लावलं. कुरकुरत होती."

ओमप्रकाश बाहेर निंघाला. तोंडाले काजळी. "दादा, उसको कुरकुराने के लिए ही रखा है! आपस मे घासल्यानं उछाल मरते. तुमी त्याले तेल पाजलं. घोडा दारू प्याला तं सीधा चालन का?"

"बंडीत घासलं का जयते."

"बंडी को कमानी नही है. इसको है. कमानी उछालते अन् ये पकडते. पकडनेवाले के हाथ को तेल लगाया तो पहलवान भी छूट जाता."

हे मातर सहदेवले पटलं. कुस्तीतलं तेल त्याले माहीत होतं. त्यानं मान खाजवली अन् म्हने, "मंग राखेनं घास. तेल राखेनंच निंघते."

दोघायनं मिळून चकत्या काढल्या, पेट्रोलनं धुतल्या, चुलीतली राख चोळली, उन्हात वाळू घातल्या. पार्बताबाईनं पाह्यलं तं शेंगदान्याजवय लाकडाच्या टिकल्या वाळत घातलेल्या. "हे काय नवं पापड म्हनाचं?"

बसवून, पेच आवळून पाह्यलं. उड्या थांबल्या. पन वळनावर मांगची बाजू अजूनबी झोका खाये, अन् समोरचं हिव तसंच. ओमप्रकाशनं हात झटकले. "वकीलसाब, कमान्या थकल्या. विलायत को लिखो. नई आयेगी."

"किती दिवसांत?"

"चार महिना. जहाज की मर्जी."

चार महिने! बाजाराले चार दिवस होते. सहदेवनं बादशाकडं पाह्यलं. बादशा निंबाखाली उभा राहून मोटारीकडं तिरपा डोया करून पाहे, अन् मोटारीचं नुसतं दार वाजलं तरी मांगं सरके.

"मिस्तरी," सहदेव म्हने, "मोटार रस्त्यावर घे. हळू चालव. फुफाट्यातून."

ओमप्रकाश मोटार चालवे अन् सहदेव तिच्या मांगं कमरेत वाकून चाले. रस्त्यानं जानारे उभे राहत. एका बाईनं पार्बताबाईले इचारलं, "काय व, तुया मालकाचं काही हरपलं काय?" पार्बताबाई म्हने, "हरपाले होतंच काय आधी?"

सहदेव चाकोऱ्या पाहात होता. मांगच्या चाकायच्या चाकोरीत रबराची नक्षी कशी साफ उमटेल. समोरच्या चाकायची नक्षीच नाही. झाडू मारल्यावानी पुसेल.

तो ओरडला, "थांबव! हे चाकं चालून नाही राह्यले, घसटून राह्यले. एक चाललं वलगावले अन् दुसरं बडनेऱ्याले!"

दोर आनला. समोरच्या दोन्ही चाकायचं पुढच्या कडेपासून माप घेतलं, गाठ मारली. तोच दोर मांगच्या कडेले लावला. पुढून तीन बोटं जास्त भरलं. ओमप्रकाशनं दोनदा मोजलं. मंग चाकायले जोडनाऱ्या दांडीवर हात फिरवला तं ती वाकेल. पयल्या खेपेच्या कुपाटीतला दगड लागला होता. म्हंजे पयल्यांदा वकील चुकला, अन् त्याच्यानंतर मोटार त्याची नक्कल करत होती.

"किती ठेवाचं?" आता ओमप्रकाशनंच इचारलं.

"जोडीचे बैल तोंडं उलसे आतमंदी करून चालले का बंडी सरळ जाते. बाहेर फिरवले का जू फाटते. तसंच ठेव. अर्धं बोट आत."

दांडी सरळ केली, पेच फिरवून अर्धं बोट आत घेतलं.

मंग सहदेव मोटारीच्या समोर गेला, खाली दोन बोटं घातले, नंतर दोन्ही हात लावून नाक उचलून पाह्यलं. ते उचललंबी गेलं. तो वकिलाकडं वळला. "साहेब, मांगं काय भरलं?"

"काही नाही. माझी पुस्तकं."

टप बाजूले केली तं मांगं दोन लोखंडी पेट्या, कायद्याच्या जाड्या पुस्तकायनं गच्च, वर पेट्रोलचे दोन डबे अन् पान्याची घागर. सहदेवनं कपायाले हात लावला. "बाप्पा बाप्पा! मोटार उलार केली तुमी! नाक जमिनीले टेकत नाही तं वळन कशी?"

"अहो पण पुस्तकं नसली तर मी वकील कसा?"

"कोडतात उतरल्यावर वकील व्हा ना. रस्त्यावर बंडी हाकनारा धुरकरी व्हा."

पयले सहदेवले 'तू' म्हननारा वकील चौथ्या कुपाटीनंतर 'तुम्ही' म्हनाले लागला होता. त्यानं गपचूप पेट्या उतरवल्या. एक पेटी पार्बताबाईनं उचलून पाह्यली अन् म्हने, "इतकं वाचूनबी फाटक नाही सापडलं."

राह्यल्या कमान्या. लोखंडाच्या पात्या एकावर एक, जुन्या झालेल्या, वळनावर फाकत. सहदेवनं अंबाडीचा बारीक दोर जवसाच्या तेलात रातभर भिजू घातला. शंकरपटाच्या छकड्याच्या दांड्या फाटू नये म्हनून तो असाच दोर गुंडाळे. सकायी दोघंई मोटारीखाली पाठीवर झोपले. सहदेव दोर ओढे, ओमप्रकाश पात्या दाबून धरे. वेढ्याले वेढा भिडवत मधापासून टोकापर्यंत.

"दादा," ओमप्रकाश खालून म्हने, "मै एक साहेब के मोटर को ऐसा ही देखा था. मले वाटलं जखम झाली म्हनून पट्टी बांधली."

"मंग तू त्याले इचारलं काहून नाही?"

"मिस्तरी पूछेगा तो मिस्तरी कैसा?"

"हे बरं हाय," सहदेव म्हने. "म्हंजे तूबी वकीलच."

दोर वाळून दगडावानी झाला तवा बाजार एका दिवसावर आला होता.

त्या सकायी सहदेवनं बंडी जुतली. गोवर्धनले बंडीच्या धुऱ्यावर हाकाले बसवलं अन् सोता मोटारीत जाऊन बसला, मांगं तोंड करून, हातात सरकीच्या ढेपेचा तुकडा. गोवर्धन म्हने, "बाबा, तुमी बंडी सोडून मोटारीत?"

"त्याले मोटारीचं भेव हाय. माहं तं नाही ना. मोटारीतून माहा वास आला का येईन मांगं."

"अन् नाही आला तं?"

नाही आला तं उद्या दोर धरून बाजारात न्याचा होता.

मंग तो वकिलाले म्हने, "साहेब, बैलाच्या चालीनं. चाकोरीतून. एकडाव जरी मोटार हेकोडी झाली तं माहा बैल गेला."

वकिलानं चष्मा पुसला, कोडतातबी कधी इतका घाबरला नव्हता. मोटार सुरू झाली. फटफट आवाज झाला तसा बादशा थरथरला, पाय रोवले. सहदेवनं ढेप समोर केली अन् नेहमीचा आवाज काढला, "चाल बाप्पा, चाल माह्या राजा." बादशानं मान लांब केली. मोटार एक हात पुढं गेली. बादशानं एक पाय टाकला. मोटार आनखी एक हात. लाख्या तं चालूनच राह्यला होता, त्याले या साऱ्याचं काही घेनंदेनं नव्हतं.

असे ते वावरातून रस्त्यावर आले. पार्बताबाई पदर तोंडात धरून बंडीच्या बाजूनं चाले. ओमप्रकाश मोटारीच्या चाकाकडं पाहात मांगं मांगं.

पुलाचं वळन आलं. याच जागेवर मोटारीनं चार खेपा तोंड फिरवलं होतं, अन् बादशाले ती जागा चांगली ध्यानात होती. तो थांबला. कान मांगं गेले. सहदेव दातावर दात ठेवून म्हने, "साहेब, थांबू नका. वळवा. हळू."

वकिलानं चाक फिरवलं. मोटार वळली, जेवढी वळवली तेवढीच. ना झोका, ना लटलट. चाकोरी अशी साफ उमटली जशी रांगोळी. सहदेवचं तोंड मांगं होतं, त्याले फक्त बादशाचे डोये दिसत. बादशानं वळती मोटार पाह्यली, अन् ती आपल्या अंगावर येत नाही हे पाह्यलं. पाय उचलला.

अन् तेवढ्यात मोटारीच्या नाकातून फुस्स करून वाफ निंघाली! इतकं हळू चालायची तिले आदत कुठी होती? पानी उकयलं. ढगावानी पांढरी वाफ उठली, मोटार हुंदका देऊन बंद पडली. गोवर्धननं कासरा आवळला. पार्बताबाईनं डोये मिटले. सहदेवच्या हातातली ढेप खाली पडली.

बादशा पयत नव्हता. तो पाहात होता. मोटार फुसफुस करे, टपटप पानी गाळे, बसल्या जागी धापा टाके. बादशानं नाक पुढं केलं, मोटारीच्या मांगच्या चाकाले हुंगलं, एक मोठी शिंक देली वकिलाच्या कोटावर, अन् खाली पडलेली ढेप खाल्ली.

"त्याले समजलं," सहदेव म्हने. "त्याले समजलं का हेबी आपल्यावानीच थकते."

गोवर्धन बंडीवरून उतरला. बादशाच्या मानेवर हात ठेवला अन् म्हने, "बाबा, बाजारात मंग काय न्याचं उद्या?"

"वांगे ने," पार्बताबाई म्हने. "अन् तुह्या बापाले ने. कोनी घेतलं तं पाह्य."

आठ दिवस वकिलानं कबूल केल्यापरमानं मोटार बंडीसंग चालवली. त्यानंतर बादशाले मोटारीचं भेव उरलं नाही. जराबी उरलं नाही. तिथंच तं घोटाळा झाला. आता मांगून मोटार आली, भोंगा वाजला, लोकं ओरडले, तरी बादशा रस्त्याच्या मधातून हटे नाही. भोंगा वाजला का उलट थांबे अन् मांगं वळून पाहे, ढेप हाय काय म्हनून.

मोटार आता तिराले लाजवीन अशी सरळ पळे, वळन घेतलं तं घागरीतलं पानी हाले नाही. ओमप्रकाश अकोल्यात छाती ठोकून सांगे का वऱ्हाडात अशी मोटार दुसरी नाही. पन वकील हवा खाऊन वापस येईपर्यंत सहदेवची बंडी रस्त्याले लागेल राहे. अन् तिथून इतवारापर्यंत वकील बादशाच्या शेपटीमांगं. सहदेवनं बैलाले बाजूले घ्याचा लय प्रयत्न केला, म्हंजे तो म्हने का केला.

अनसूयाबाईनं हे आयकलं अन् एका सकायी लुगडं सावरत सोता मोटारीत जाऊन बसली. इतक्या दिवसात तिनं मोटारीले हात लावला नव्हता.

"आई, तू?"

"बैलाच्या मागून चालते म्हणतात ना आता? मग बसायला हरकत नाही."

वलगावच्या रस्त्यावर बंडी भेटली. समोर बादशा डुलत डुलत, बंडीच्या मांगच्या तोंडावर पाय सोडून पार्बताबाई, अन् तिच्या पायापासून हातभर मांगं मोटारीचं नाक. अनसूयाबाईनं मान बाहेर काढली.

"पार्बते, मेथी कशी आहे गं आज?"

"कवळी हाय माय. देऊ का दोन जुड्या?"

"आधी एक दाखव. कमलाकांता, जरा पुढे घे. आणखी पुढे. अरे, हात पोचू दे की!"

वकिलानं मोटार एक हात पुढं घेतली, सुताएवढीबी डावी-उजवी न होऊ देता. अनसूयाबाईनं चालत्या मोटारीतून जुडी घेतली, काड्या पाह्यल्या, एक पान तोडून चाखलं, अन् जुडी वापस देली.

"ही नको. पुढची दे. मागच्या सगळ्या उन्हाकडच्या आहेत."

धुऱ्यावरून सहदेव मांगं न पाह्यताच म्हने, "गोवर्धनची माय, समोरची काढू नको व, बंडी उलार होईन."